न वाजलेलं झाकण

१

"माझी अंगठी कुठे गेली?"

धाकटीनं हे इतक्या हळू विचारलं की पहिल्यांदा ते फक्त मला ऐकू आलं. पियानो नुकताच थांबला होता. लाउंजमधले लोक हलक्या हातांनी टाळ्या वाजवत होते, आणि माझी धाकटी बहीण आपल्या कपाच्या बशीकडे बघत होती. खाताना अंगठी काढून बशीच्या काठाशी ठेवायची, ही तिची सवय. बोटं बारीक झाल्यापासून ती सैल झाली होती, ओल्या हातातून निसटायची. आता बशीत चमचा होता, अंगठी नव्हती.

"आई, नीट बघ," भाचा म्हणाला. "मांडीवर पडली असेल."

मांडीवर नव्हती. रुमालाच्या घडीत नव्हती. सूनबाई आणि भाची दोघी टेबलाखाली वाकल्या. तिथेही नव्हती. निळा नीलम, भोवती सोन्याची वेल. आमच्या मेहुण्यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी दिलेली. ते गेल्यापासून धाकटी झोपतानाही ती बोटातच ठेवायची.

भाचा ताडकन उभा राहिला. "ती बाई! आत्ता प्लेटा उचलून नेल्या ना तिनं? अहो मॅनेजर! इकडे या!"

सगळ्या लाउंजच्या माना वळल्या. मॅनेजर आला, त्याच्यामागून आमच्या टेबलाची वेट्रेस आली. पस्तिशीची, उंच, कपाळावर घाम. मॅनेजरनं तिला काही विचारलंसुद्धा नाही. तिला बाजूला उभं करून तो आत गेला, बशा धुणाऱ्यांकडे आणि कचऱ्याच्या डब्यात शोधून आला आणि भाच्यासमोर हात जोडून म्हणाला, "सर, आत तर काही मिळालं नाही. पण आमच्या हॉटेलचं नाव आहे. पोलीस वगैरे नको. हिला आम्ही आजच घरी पाठवतो."

"घरी पाठवतो म्हणजे?" वेट्रेस म्हणाली.

"म्हणजे उद्यापासून यायचं नाही."

"आणि अंगठी? ती मिळाली नाही तरी चोर मीच?" तिनं कमरेचा ॲप्रन दोन्ही हातांनी ताणून दाखवला. "खिसे कुठे आहेत बघा ना! तुम्हीच शिवून बंद केलेत, सगळ्यांचे. आम्ही काही लपवू नये म्हणून. मग मी ती ठेवली कुठे, तोंडात?"

"ट्रेवरून नेता येते," मॅनेजर म्हणाला. "आत आणखी कुणाला दिली असशील. उगाच आवाज चढवू नकोस."

"चढवणार! तुम्ही चोर म्हणालात ते सगळ्यांना ऐकू गेलंय. माझंही जाऊ दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला राग आला की माझा आवाज घशातच अडकतो. आयुष्यभर ग्रंथालयात 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसलो त्याचा हा परिणाम असावा. मी तोंड उघडलं, मिटलं.

तेवढ्यात टेबलावर चमचा आपटल्याचा आवाज झाला.

"थांबा," अक्का म्हणाली.

२

अक्का आमची थोरली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. परीक्षेच्या हॉलमध्ये ती नुसती दारात उभी राहिली की बाकाखालच्या चिठ्ठ्या गिळल्या जायच्या, असं तिचे विद्यार्थी अजून सांगतात. बाकीची माणसं चिडली की ओरडतात. अक्काचा आवाज खाली जातो. आत्ता तो इतका खाली गेला होता की मॅनेजरला वाकावं लागलं.

"ही बाई कुठेही जाणार नाही. आमचा चहा अर्धा झालाय. तो पुरा होईपर्यंत ही आमच्याच टेबलावर काम करील."

"पण मॅडम, सरांची तक्रार..."

"सरांची मी मावशी आहे. सरांना लंगोट मी बांधलेत."

भाच्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्यानं हसून घेतलं. "मावशी, तपास करायचा असेल तर मग सगळ्यांचा कर. खिसे रिकामे करू या. मी आधी."

आणि त्यानं खरोखरच केले. पाकीट, किल्ल्या, फोन, रुमाल. पँटचे खिसे तर उलटे करून दाखवले. सूनबाईनं पर्स टेबलावर पालथी केली. भाचीनंही. माझ्या कोटातून एक बसचं तिकीट, पेपरमिंटच्या दोन गोळ्या आणि वर्तमानपत्राचं कात्रण निघालं.

"बशी मामांच्याच शेजारी होती ना?" सूनबाई म्हणाली.

मी कोटाचे खिसे पुन्हा चाचपले. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली की अंगठी आपल्याच खिशात निघते की काय. नाही निघाली.

मग अक्का माझ्याकडे वळली. "भाऊ, पहिल्यापासून सांग. तू बोलत नाहीस, म्हणजे निदान ऐकत तरी असशील."

मी सांगितलं ते असं.

हा चहा भाचीनं ठरवला होता, आईला जरा बाहेर काढायला म्हणून. कारण धाकटी हल्ली घराबाहेर पडायची नाही. तिचे डोळे गेलेत असं घरात ठरलं होतं. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं, तोवर डोळ्यांना ताण नको, म्हणून तिची सगळी पुस्तकं भाच्यानं खोक्यांत भरून माझ्याकडे पाठवून दिली होती. रोज रात्री वाचल्याशिवाय न झोपणारी बाई आता अंधारात छताकडे बघत पडून राहायची.

आम्ही गोल टेबलाशी बसलो. धाकटीच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला भाचा. वेट्रेसनं तीन थरांचा स्टँड आणून ठेवला. खाली काकडीचे सँडविच, वर केक. मधला थर रिकामा.

"मधल्यावर काय, हवा?" भाचीनं विचारलं होतं.

"स्कोन," वेट्रेस हसून म्हणाली होती. "जॅम लावून खायचे छोटे पाव. भट्टीतून निघाले की गरम आणते. तोवर या प्लेटा नेईन, नव्या देईन. जॅमच्या बरण्या तेवढ्या आधीच ठेवते." प्रत्येकासमोर तिनं मुठीत मावेल एवढी काचेची बरणी ठेवली. "न उघडलेली राहिली तर घरी नेता येते."

मी माझी बरणी उचलून वरचं वाचायचा प्रयत्न केला. चष्मा असूनही मुंग्यांची रांग दिसली. धाकटीनं ती माझ्या हातातून घेतली. "स्ट्रॉबेरी. उघडल्यावर थंड जागी ठेवा," तिनं वाचलं आणि परत दिली.

मग सँडविच खाता खाता तिनं अंगठी काढून बशीत ठेवली आणि म्हणाली, "ही उद्या मी सराफाकडे टाकते. लहान करून घेते. आणि पॉलिशला सांगते, पार निस्तेज झालीय."

"उद्या?" भाचा म्हणाला. "मला विचारायचं तरी. आणि निस्तेज काही नाही आई, तुझे डोळे."

"असेल," धाकटी म्हणाली होती.

"पुढे?" अक्कानं विचारलं.

"पुढे सूनबाई हात धुवायला गेली. वेट्रेस प्लेटा उचलायला लागली. तेवढ्यात मागे पियानोवर मेहुण्यांचं आवडतं गाणं सुरू झालं, आणि सगळे तिकडे वळून बसले."

"सगळे?"

"मी डोळे मिटले होते." मला स्वतःचीच लाज वाटली. "गाणं ऐकताना मिटतो."

"छान साक्षीदार मिळालाय," सूनबाई पुटपुटली.

"आणि डोळे मिटून काय ऐकलंस? गाण्याशिवाय."

मी घुटमळलो. कानातलं यंत्र कधी कधी उगाच खुडबुडतं, त्यामुळे ऐकलेल्यावर माझा फार विश्वास नसतो. "एक टक् झालं," मी म्हणालो. "लहानसं. जवळच."

अक्काच्या भुवया वर गेल्या.

३

तिनं एकेकाला खांबाआडच्या कोचावर बोलावलं. मला शेजारी बसवलं, बहुधा मी गप्प बसतो म्हणून.

भाची आली ती पेटूनच. "मावशी, मला माहितीये तुला काय वाटतंय. गाणं मी सांगितलं होतं वाजवायला. म्हणजे सगळ्यांची पाठ मी फिरवली, हो ना? अगं, बाबांचं गाणं होतं ते! आई दोन मिनिटं तरी हसेल म्हणून!"

"अंगठी तुला हवी होती?"

"हवी होती. आईला तोंडावर सांगितलंय मी, तुझ्यानंतर ही मला. चोरायची काय गरज? भांडून घेतली असती."

"तेही खरंच," अक्का म्हणाली. "गाणं चालू असताना तू कुठे बघत होतीस?"

"आईकडे. ती रडत होती आणि हसत होती." भाचीचा आवाज फाटला. "आणि आता त्या बिचारीची नोकरी चाललीय माझ्या हौसेपायी."

सूनबाई आली ती हाताची घडी घालून. "मी तर खोलीतच नव्हते. परत आले तर ती प्लेटा घेऊन आत जात होती. मी पाहिलं तेवढं सांगितलं."

"तिच्या हातात अंगठी पाहिलीस?"

"नाही. पण अशी माणसं..."

"अशी म्हणजे कशी?" अक्काचा आवाज आणखी खाली गेला. मग तिनं विचारलं, "अंगठी धाकटीच्या बोटातून शेवटची कधी निघाली होती? म्हणजे घराबाहेर?"

"मागच्या वर्षी. साफ करायला यांनीच नेली होती. आठवडाभर दुकानात होती." सूनबाई जरा थांबली. "तेव्हापासूनच त्या म्हणतात ना, निस्तेज झाली म्हणून. हे म्हणतात मोतीबिंदू."

"कोणता डॉक्टर म्हणाला?"

"डॉक्टर?" सूनबाईनं आठवून बघितलं. "डॉक्टरांकडे कुठे गेलोय अजून? हेच म्हणाले."

शेवटी वेट्रेस. ती बसायला तयार नव्हती. "बसले तर त्याचीही तक्रार होईल. उभीच बोलते."

"मी तुझी बाजू घेतेय म्हणून मला आभार नकोत," अक्का म्हणाली. "मला एक सांग. स्कोन यायच्या आधी कुणी जॅम उघडतं का?"

"कशाला उघडतील? लावणार कशाला? समोर प्लेटसुद्धा नसते तेव्हा. मीच नेलेली असते."

"आजही?"

"आजही. तुमच्यासमोर नुसते कप राहिले होते." तिनं मान वर केली. "बाई, मला घरी जाऊन आईला सांगावं लागेल. ती विचारील, तू घेतलीस का. नाही म्हटल्यावर ती विश्वास ठेवील. पण विचारील तर खरी. मला त्या विचारण्याचा राग येतोय."

अक्कानं मान डोलावली. मग उठली.

"स्कोन आण," ती म्हणाली. "सगळ्यांना."

४

टेबलाशी भाचा वेटरला पाण्याचा ग्लास मागत होता. त्याचा तिसरा. "अक्कामावशी, पुरे झालं आता," तो म्हणाला. "लोक बघतायत. आईला घरी नेऊ दे." आणि समोरची जॅमची बरणी उचलून त्यानं खिशात टाकायला हात नेला.

"ठेव ती," अक्का म्हणाली. "चहा पुरा झाल्याशिवाय आपल्या घरात कुणी उठत नाही."

वेट्रेस आली. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेले स्कोन, जाडसर, गोल, वाफाळलेले. तिनं नव्या प्लेटा मांडल्या. प्रत्येक प्लेट जरा जोरातच टेकत होती. संतापानं, हे आता मला कळत होतं. मॅनेजर दोन पावलांवर घड्याळ बघत उभा होता.

"भाऊ, तुझी बरणी उघड."

मी झाकण फिरवलं. टक्.

तोच आवाज. तसाच, लहानसा.

"आता तू," अक्का भाचीला म्हणाली. टक्. सूनबाई. टक्. धाकटीनं आपली आपणच उघडली. टक्. अक्कानं स्वतःची उघडली, ती जरा उशिरा वाजली, पण वाजली.

"आता तू, राजे."

"मी गोड खात नाही. सगळ्यांना माहीत आहे. चहातसुद्धा साखर घेत नाही."

"खाऊ नकोस. नुसती उघड."

भाचा हलला नाही. अक्कानं हात लांब केला, त्याच्यासमोरची बरणी घेतली आणि झाकण फिरवलं.

काहीच आवाज झाला नाही.

"नवी बरणी एकदाच वाजते," अक्का म्हणाली. "ही आधीच वाजलीय. गाणं चालू असताना, भाऊनं डोळे मिटून ऐकलेली."

"सैल असेल झाकण. हॉटेलची चूक," भाचा म्हणाला.

"बरं. मग साखर न घेणाऱ्या माणसाचा चमचा ओला का आहे? घसा कोरडा पडलाय, पाण्यावर पाणी पितोयस, पण गाणं संपल्यापासून समोरच्या चहाला तोंड लावलेलं नाहीस. का?"

तिनं त्याचा कप उचलला आणि वरचा कोरा चहा हळूहळू माझ्या रिकाम्या कपात ओतला. तळाशी लाल गाळ राहिला, त्यात पिवळसर बारीक बिया. स्ट्रॉबेरीच्या.

"भरलेल्या बरणीत अंगठी दाबली तर जॅम वर येतो. चमचाभर आधी काढावा लागतो. टाकायचा कुठे? प्लेटा या बाईनं नुकत्याच नेलेल्या. स्कोन आलेले नाहीत. उरला कप."

तिनं चमचा बरणीत घातला. चमचा कशावर तरी टेकला. तिनं तो वर काढला, आणि लाल गोळ्यातून सोन्याची वेल दिसली.

सूनबाईच्या हातातून स्कोन पडला.

५

"गंमत होती," भाचा म्हणाला. कुणी हसलं नाही. "बरं, गंमत नाही. आई ती कुठेतरी हरवेल म्हणून जपून ठेवली. घरी गेल्यावर देणारच होतो."

"आणि ही?" भाची ओरडली. तिचं बोट वेट्रेसकडे होतं. "हिची नोकरी घरी गेल्यावर देणार होतास?"

"जपायचीच होती, तर नेमकी आजच का?" अक्का म्हणाली. "उद्या ती सराफाकडे जाणार होती. सराफाकडे भिंग असतं. तुला भीती होती त्या भिंगाची."

धाकटीनं अंगठी घेतली, गरम पाण्याच्या किटलीतलं पाणी कपात ओतून त्यात धुतली, रुमालानं पुसली आणि दिव्याखाली धरली.

"हा माझा खडा नाही," ती म्हणाली.

"आई, तुला नीट दिसत नाही..."

तिनं वळूनही पाहिलं नाही. समोरची जॅमची बरणी उचलली, चष्मा न लावता हातभर लांब धरली आणि वाचायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. "स्ट्रॉबेरी, साखर, लिंबाचा रस. उघडल्यावर थंड जागी ठेवा. लहान मुलांच्या हाती काच देऊ नका." बरणी तिनं इतक्या जोरात खाली ठेवली की स्टँडवरचे केक हलले. "दिसतंय मला! सगळं दिसतंय! वर्षभर तू मला आंधळी म्हणालास, आणि मी झाले! खडा बदललास तो बदललास. माझ्या रात्री कुठे विकल्यास?"

भाचा म्हणाला, "परत आणणार होतो, आई. धंद्याचं जरा सावरलं की."

"माझ्याशीही खोटं बोललात तुम्ही," सूनबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मग ती वेट्रेसकडे वळली. "मी म्हणाले ते... मी म्हणायला नको होतं."

वेट्रेसनं ते ऐकलं. मान हलवली नाही.

मॅनेजर पुढे सरसावला. "मॅडम, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत. आजचा चहा हॉटेलतर्फे."

"आम्हाला नको," अक्का म्हणाली. "हिला काय देता?"

"हिचं... अर्थातच, ही कामावर राहील."

"राहीन की नाही ते मी ठरवीन," वेट्रेस म्हणाली. "आधी बोला. मघाशी जितक्या मोठ्यानं म्हणालात, तितक्याच."

मॅनेजरनं इकडेतिकडे पाहिलं. पियानोवाला वाजवायचं सोडून बघत होता. शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी कप खाली ठेवले. "हिनं काही घेतलेलं नाही," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," भाची म्हणाली.

"हिनं काही घेतलेलं नाही! चूक माझी होती!"

वेट्रेसनं ॲप्रनची गाठ सोडली. मला वाटलं ती निघाली. तिनं ती गाठ पुन्हा बांधली, घट्ट, आणि भाच्यासमोरचा कप, चमचा, प्लेट उचलली. "सरांचा चहा झालेला दिसतोय," ती म्हणाली.

भाचा उठला. कुणी थांबवलं नाही. काचेचं दार त्याच्यामागे बराच वेळ हलत होतं. सूनबाई बसूनच राहिली.

धाकटीनं अंगठी बोटात घातली नाही. पर्समध्ये टाकली, जुन्या किल्ल्यांसारखी. मग स्कोनचे दोन तुकडे केले, एकावर जॅम फासला, आणि तो न खाता माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात अजून आग होती.

"भाऊ, माझी पुस्तकं. सगळी खोकी. उद्या सकाळी मला घरात दिसली पाहिजेत."

"आणतो."

"मी जिथे थांबले होते तिथली पानं दुमडलेली होती. तुझी सवय मला माहीत आहे. सरळ करून ठेवली असशील."

दुमडलेलं पान मला बघवत नाही, हे खरं आहे. ती खोकी मी कितीदा उघडली असतील. पण तिची पानं सरळ करायला का कुणास ठाऊक, हात धजला नव्हता.

"एकही नाही," मी म्हणालो. "सगळी जशीच्या तशी आहेत!"

शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी वळून पाहिलं. माझा आवाज तिथपर्यंत गेला होता.